भाला पडतो झुरिकला, धाव सुरू होते खंडऱ्यात



पानिपतात राहायला आलेल्या मराठी माणसाला एक गोष्ट पहिल्या महिन्यातच कळते. ‘पानिपत झालं’ हा आपला वाक्प्रचार इथे कुणालाच कळत नाही. कळणार कसा? इथल्या माणसासाठी पानिपत म्हणजे चादरी आणि कांबळी, पचरंगा लोणचं, तेलशुद्धीकरण कारखाना आणि जीटी रोडवरची न संपणारी वाहतूक. मी इचलकरंजीकडचा. सुताच्या धंद्यानं इथे आलो आणि राहिलो. पूर्वी गावाकडून फोन आला की पहिला प्रश्न असायचा, “काला आंब बघितलास का?” ऑगस्ट २०२१ नंतर प्रश्न बदलला. आता विचारतात, “नीरजचं गाव तुझ्यापासून किती लांब?” आणि लगेच पुढचा, जरा आवाज खाली आणून, “तो आपलाच ना रे?”

तिसरा एक प्रश्न इथले लोक विचारतात. गिरणीत काम करणारा एखादा बाप मुलाचा फोटो मोबाइलवर दाखवतो आणि म्हणतो, “साहेब, पोरगा भाला चांगला फेकतो. बाहेर पाठवू का?” बाहेर म्हणजे आधी पंचकुला, मग पतियाळा, आणि मनातल्या मनात जर्मनी किंवा फिनलंड. आज मी या तीन प्रश्नांबद्दलच बोलणार आहे. किती लांब? कोणाचा? आणि पाठवावं का?

पहिला प्रश्न सोपा वाटतो. खंडरा गाव पानिपत शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. २४ डिसेंबर १९९७ ला नीरजचा जन्म तिथला, शेतकऱ्याच्या एकत्र कुटुंबातला. लहानपणी अंगानं चांगलाच जाड होता. वजन उतरावं म्हणून घरच्यांनी, विशेषतः काका भीम चोप्रा यांनी, त्याला व्यायामाला शहरात पाठवायला सुरुवात केली. ज्या मैदानावर तो आला त्याचं नाव शिवाजी स्टेडियम. हो, पानिपतात शिवाजी स्टेडियम आहे. तिथे जयवीर नावाचा त्याच्यापेक्षा थोडा मोठा भालाफेकपटू सराव करायचा. त्यानं या पोराच्या हातात भाला दिला आणि पहिले धडे दिले. जयवीर काही कुणी नावाजलेले प्रशिक्षक नव्हते. स्वतः खेळणारा, आणि आपल्याला येतं ते दुसऱ्याला शिकवणारा माणूस.

इथून पुढे अंतर वाढत जातं. शिवाजी स्टेडियमवर सिंथेटिक ट्रॅक नव्हता. भालाफेकीत खेळाडू वेगानं पळत येतो आणि शेवटच्या क्षणी पुढचा पाय खिळ्यासारखा रोवतो. धावण्याचा सगळा वेग त्या पायावर अडतो, तिथून कंबर, खांदा, कोपर असा वर चढतो आणि आठशे ग्रॅमच्या भाल्यात जातो. मातीवर पाय घसरला की हा सगळा हिशोब कोलमडतो, आणि घोटा, गुडघा, पाठ यांपैकी काहीतरी दुखावतं. म्हणून नीरज साधारण २०११ च्या सुमारास पंचकुल्याच्या ताऊ देवीलाल क्रीडा संकुलात गेला. तिथे प्रशिक्षक नसीम अहमद होते. चौदा वर्षांच्या आतबाहेरचा मुलगा घर सोडून राहिला. त्याच्या कारकिर्दीतलं पहिलं परदेश म्हणजे पंचकुला, असं मी म्हणतो. पुढच्या कुठल्याही विमानप्रवासापेक्षा ते पाऊल मोठं होतं.

त्या दिवसांत तो मोबाइलवर यान झेलेझ्नीचे व्हिडिओ बघून शिकायचा. झेलेझ्नी म्हणजे चेक प्रजासत्ताकाचा तो माणूस, ज्यानं १९९६ मध्ये जर्मनीतल्या येना इथे ९८.४८ मीटर भाला फेकला. तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. २०१२ मध्ये लखनौला नीरजनं सोळा वर्षांखालच्या गटात ६८.४० मीटर फेक केली. २०१३ मध्ये जागतिक युवा स्पर्धेसाठी युक्रेनमधल्या दोनेत्स्कला गेला. २०१५ मध्ये पतियाळाच्या राष्ट्रीय शिबिरात आला. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत ८२.२३ मीटर, आणि जुलैमध्ये पोलंडच्या बिडगॉश्चमध्ये वीस वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत ८६.४८ मीटर. वीस वर्षांखालचा विश्वविक्रम. त्या वेळी प्रशिक्षक होते ऑस्ट्रेलियाचे गॅरी कॅल्व्हर्ट.

आणि तरीही तो रिओ ऑलिंपिकला गेला नाही. पात्रतेची मुदत त्या स्पर्धेच्या काही दिवस आधीच संपली होती. रिओमध्ये त्रिनिदादच्या केशॉर्न वॉलकॉटला कांस्यपदक मिळालं ते ८५.३८ मीटरवर. एकोणीस वर्षांच्याही आतल्या पोराची फेक त्याहून एक मीटरनं लांब होती. आपल्याकडे अशा वेळी ‘नशीब’ म्हणतात. मी त्याला वेळापत्रक म्हणतो. युरोपातल्या खेळाडूला पात्रता गाठायला उन्हाळ्यात दर आठवड्याला एक स्पर्धा असते, बस किंवा रेल्वेनं जाण्याच्या अंतरावर. आपल्या खेळाडूला वर्षात अशा दोन-तीन संधी, आणि प्रत्येक संधी एका समुद्रापलीकडे. परदेशात सराव करणं ही चैन वाटते ना? स्पर्धाच तिकडे असतात, हवा तिकडची असते, फेकीचा कोन आणि पायाचा दाब मोजणारी यंत्रं तिकडे असतात. म्हणून जावं लागतं.

मग तो गेलाच. जर्मनीचे उवे होन हे त्याचे प्रशिक्षक झाले. होन यांनी १९८४ मध्ये बर्लिनला १०४.८० मीटर भाला फेकला होता. मैदानं अपुरी पडू लागली म्हणून १९८६ मध्ये पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवला, म्हणजे तो लवकर खाली वळावा. त्यांच्यानंतर क्लाऊस बार्टोनिएट्झ, हेही जर्मन, जैवयांत्रिकीचे जाणकार. २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेचं सुवर्ण, जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ८८.०६ मीटर आणि सुवर्ण. आणि २०१९ मध्ये कोपर गेलं. शस्त्रक्रिया कुठे झाली? मुंबईत, डॉक्टर दिनशॉ पारडीवाला यांच्याकडे. वर्ष वाया गेलं. जानेवारी २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या पॉचेफस्ट्रूमला तो परत उतरला आणि ८७.८६ मीटर फेकून टोकियोची पात्रता घेतली. मग महासाथ आली, तुर्कस्तानातला सराव सोडून परतावं लागलं. २०२१ मध्ये पुन्हा पोर्तुगाल, स्वीडन, फिनलंड. आणि ७ ऑगस्ट २०२१, टोकियो, दुसरी फेक, ८७.५८ मीटर. अॅथलेटिक्समधलं भारताचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण.

तर खंडरा किती लांब? पानिपतपासून पंधरा-सोळा किलोमीटर, आणि टोकियोपासून साधारण दहा वर्षं.

आता थोडं दुसऱ्या देशात जाऊ. सर्बिया. लोकसंख्या सुमारे ६६ लाख, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहून कमी. पण युरोपातल्या मोठ्या फुटबॉल संघांची यादी काढा, सर्बियाचा एखादा पोरगा सापडतोच. अलेक्सांदार मित्रोविच घ्या. स्मेदेरेवो गावचा, फॉरवर्ड. बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबमध्ये तयार झाला. २०१३ मध्ये बेल्जियमच्या आंदरलेख्तला गेला, २०१५ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसलला, २०१८ मध्ये फुलमला, २०२३ मध्ये सौदी अरेबियाच्या अल हिलालला. फुलमसाठी २०२१-२२ च्या मोसमात इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत त्यानं ४३ गोल केले. सर्बियासाठी सर्वांत जास्त गोल त्याचेच. म्हणजे पोटापाण्याचं आयुष्य सगळं परदेशात, आणि सर्वांत मोठा विक्रम घरच्या जर्सीत.

एक काळ असा होता की युगोस्लाव्हिया खेळाडूला अठ्ठावीस वर्षांचा होईपर्यंत परदेशी क्लबकडे जाऊच देत नसे. द्रागान जायिचसारखा मोठा खेळाडू १९७५ मध्ये, एकोणतिशीत, फ्रान्सच्या बास्तियाला गेला. आता पोरं अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी जातात. दुसान व्लाहोविच २०१८ मध्ये पार्टिझानहून फ्लोरेन्सला गेला आणि २०२२ मध्ये युव्हेंटसला.

हे सगळं मी का सांगतोय? कारण फुटबॉलमध्ये एक नियम आहे आणि तो आपल्या कामाचा आहे. एखादा व्यावसायिक खेळाडू करार चालू असताना एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे विकला गेला, की त्या रकमेतले पाच टक्के वेगळे काढतात. खेळाडूला वयाच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या ज्या क्लबांनी शिकवलं, त्यांच्यात ते वाटतात. फिफाचा नियम आहे. बारा ते पंधरा या वयातल्या प्रत्येक वर्षाला रकमेच्या पाव टक्का, पुढच्या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. हिशोब करून बघा. मी सुताचा माणूस, मला हिशोबाशिवाय चैन पडत नाही. गावातल्या एका लहान क्लबनं पोराला बारा ते पंधरा अशी चार वर्षं सांभाळलं असेल, तर विक्रीच्या दर कोटीमागे त्या क्लबला एक लाख. पोरगा पुन्हा विकला गेला, की पुन्हा. म्हणजे बेलग्रेडमध्ये ज्यानं पोराच्या बुटाच्या नाड्या बांधल्या, त्याच्या मैदानाला लंडन आणि रियाधमधून पैसे येण्याची सोय आहे. नियम पाळून घ्यायला भांडावं लागतं हे खरं, पण नियम आहे.

आता सांगा, नीरज झुरिकला जिंकतो तेव्हा पानिपतच्या शिवाजी स्टेडियमला काय मिळतं? २०२२ मध्ये तो झुरिकला ८८.४४ मीटर फेकून डायमंड लीगचा विजेता झाला. २०२३ मध्ये बुडापेस्टला ८८.१७ मीटरवर विश्वविजेता झाला. जयवीरांच्या मैदानाला त्यातला पाव टक्का यावा असा काही नियम अॅथलेटिक्समध्ये नाही. होऊही शकत नाही, कारण इथे क्लब खेळाडू विकत नाही. खेळाडूचा खर्च सरकारच्या ऑलिंपिक पदक योजनेतून होतो, सैन्यातून होतो, एखाद्या उद्योगसमूहाकडून होतो. जिंकल्यावर बक्षीस खेळाडूला मिळतं. हरयाणा सरकारनं टोकियोनंतर नीरजला सहा कोटी जाहीर केले. द्यायलाच हवेत. पण बाराव्या वर्षी ज्यानं हातात भाला दिला त्या मैदानाचं खातं या व्यवहारात कुठे नाही.

यावर कुणी म्हणेल, पैसाच कशाला, प्रेरणा मिळते की. मान्य. ती खरीच मिळाली, आणि मोजता येईल इतकी मिळाली. २०२३ च्या बुडापेस्टच्या अंतिम फेरीत पहिल्या सहांत तीन भारतीय होते. नीरज पहिला, किशोर जेना पाचवा, डी. पी. मनू सहावा. त्याच वर्षी हांगचौच्या आशियाई स्पर्धेत नीरज ८८.८८ आणि जेना ८७.५४, सुवर्ण आणि रौप्य दोन्ही आपली. २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत नीरजची पाठ दुखत होती, तो ८४.०३ मीटरवर आठवा आला. पण सचिन यादव ८६.२७ मीटर फेकून चौथा आला, नीरजच्या पुढे. आणि सुवर्ण कुणाला? केशॉर्न वॉलकॉटला, म्हणजे रिओच्या त्याच कांस्यवाल्याला. खेळात माणसं पुन्हा पुन्हा भेटतात.

पण प्रेरणेनं ट्रॅक तयार होत नाही. याचं एक उदाहरण देतो. २०२५ मध्ये नीरजच्या नावानं भारतात आंतरराष्ट्रीय भालाफेक स्पर्धा ठरली, एनसी क्लासिक. जगातले नामवंत इथे येणार होते. म्हणजे इतकी वर्षं आपला मुलगा तिकडे जायचा, आता ते इकडे येणार. आधी जागा ठरली पंचकुल्याचं ताऊ देवीलाल स्टेडियम, जिथे तो वाढला. पण तिथले दिवे आंतरराष्ट्रीय प्रक्षेपणाच्या मापात बसेनात. स्पर्धा बेंगळुरूला न्यावी लागली. मे महिन्यातल्या भारत-पाक संघर्षामुळे तारीखही पुढे गेली. शेवटी ५ जुलैला कांतीरवा स्टेडियममध्ये ती झाली आणि नीरज ८६.१८ मीटर फेकून जिंकला. आनंद झालाच. पण मला त्यातले दिवे आठवत राहतात. ऑलिंपिक विजेता घडवलेल्या मैदानाला त्या विजेत्याची स्पर्धा भरवता आली नाही.

आता दुसरा प्रश्न. तो आपलाच ना?

नीरज रोड समाजाचा. या समाजातले बरेच लोक स्वतःला रोड मराठा म्हणवतात. १७६१ च्या लढाईनंतर जे मराठे परत गेले नाहीत, त्यांचे आपण वंशज, अशी त्यांची श्रद्धा आहे. हे मांडणारे अभ्यासक आहेत, न मानणारेही आहेत. मी इतिहासकार नाही, निकाल देणार नाही. इथे कुणी मला प्रेमानं ‘आप हमारे मराठा भाई हो’ म्हणतं, तेव्हा मी चहा घेतो आणि हात जोडतो. एवढं नातं मला पुरतं.

पण रक्ताचा पुरावा शोधण्यात आपला जो उत्साह आहे, त्याबद्दल मला बोलायचंय. नीरजशी महाराष्ट्राचं नातं शोधायला १७६१ पर्यंत मागे जायची गरज नाही. तो २०१६ मध्ये नायब सुभेदार म्हणून सैन्यात आला, राजपुताना रायफल्समध्ये. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमधल्या स्टेडियमला ऑगस्ट २०२१ मध्ये त्याचं नाव दिलं गेलं. त्याचं कोपर मुंबईत दुरुस्त झालं. ही नाती मोजता येतात, कारण ती कामाची नाती आहेत. त्याच पुण्याच्या संस्थेशी नातं असलेला आपला अविनाश साबळे बघा. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव, महार रेजिमेंट, सियाचिनची थंडी, मग स्टीपलचेस. अमेरिकेत जाऊन त्यानं सराव केला, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या रांगेत घुसून ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य आणलं, आणि २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटं ९.९१ सेकंदांपर्यंत आला. त्याच्या रक्ताबद्दल आपल्याला काही शंका नाही. मग आपण त्याची किती शर्यतींची वेळ पाठ केली? हा टोमणा नाही, साधा प्रश्न आहे.

‘आपला’ म्हणण्याची दुसरी बाजूही असते. पॅरिसमध्ये २०२४ ला पाकिस्तानच्या अर्शद नदीमनं ९२.९७ मीटर फेकून सुवर्ण घेतलं. नीरजच्या सहापैकी पाच फेकी बाद झाल्या, एकच वैध होती, ८९.४५ मीटर, आणि ती रौप्याची ठरली. खंडऱ्यात पत्रकारांनी त्याच्या आईला, सरोजदेवींना, गाठलं. त्या म्हणाल्या की सुवर्ण जिंकणाराही आमच्या मुलासारखाच आहे. सगळ्या देशानं त्या माउलीचं कौतुक केलं. पुढच्या वर्षी नीरजनं बेंगळुरूच्या स्पर्धेसाठी इतर खेळाडूंबरोबर अर्शदलाही बोलावणं पाठवलं. दुसऱ्याच दिवशी, २२ एप्रिलला, पहलगामचा हल्ला झाला. निमंत्रण हल्ल्याआधीचं होतं, पण समाजमाध्यमांवर त्याच्या देशप्रेमावर बोट ठेवलं गेलं, घरच्यांनाही सोडलं नाही. त्याला जाहीर खुलासा करावा लागला. त्यात त्यानं आईच्या त्या जुन्या वाक्याचा उल्लेख केला. ज्या वाक्यासाठी वर्षापूर्वी तिचं कौतुक झालं, त्याच वाक्यावरून आता तेच लोक तिला बोलत होते.

मित्रहो, परदेशात खेळणाऱ्या माणसाला थंडी, परकं जेवण, दुखणं हे सगळं सोसावं लागतं. पण घरच्यांनी ‘तू आमचा आहेस का?’ असं विचारणं यासारखं ओझं नाही. सर्बियाच्या फॉरवर्डलाही हे चुकत नाही. क्लबसाठी गोल केले आणि देशासाठी हुकले, की बेलग्रेडमध्ये हाच प्रश्न येतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. ‘आपला’ म्हणायचं असेल तर आठव्या क्रमांकाच्या दिवशीही म्हणावं. नाहीतर तो शब्द वापरू नये.

आणि आता तिसरा प्रश्न. “साहेब, पोराला बाहेर पाठवू का?”

मी त्या बापाला जे सांगतो ते तुम्हालाही सांगतो. पाठवायचं की नाही हे पोराच्या फेकीवर ठरेल, पण त्याआधी चार गोष्टी बघा. एक, जिथे आहे तिथे पायाखालचा ट्रॅक बरा आहे का. भाल्यापेक्षा पाय आधी दुखावतो. दोन, शिकवणारा माणूस पोराचं ऐकतो का. मोठं नाव नंतर येईल, जयवीर आधी लागतो. तीन, वाढत्या वयात खांदा आणि कोपर दुखलं तर थांबवणारं कुणी आहे का. बारा-तेरा वर्षांच्या पोरानं रोज जोर लावून पन्नास फेकी कराव्यात असं कुठलाही जाणता प्रशिक्षक सांगणार नाही. चार, पोरगा परत आला, हरून आला, तर घरात त्याची जागा तशीच राहील का. नीरजच्या घरानं ही चौथी गोष्ट पहिल्यापासून सांभाळली, असं मला दुरून दिसतं.

आणि आपण, जे पाठवणारे नाही, नुसते टाळ्या वाजवणारे आहोत, आपल्यालाही एक काम आहे. फुटबॉलचा तो पाच टक्क्यांचा नियम आपल्याला कुणी लावणार नाही. आपण स्वतःला लावून घेऊ शकतो. प्रत्येक गावात कुणीतरी जयवीर असतो, पगार नसलेला, सकाळी सहाला मैदानावर उभा असलेला. त्याला दोन भाले हवे असतात, एक शिट्टी, मैदानावर चुन्याच्या रेषा, पावसाळ्यानंतर मातीचा भराव. सरावाचा भाला काही लाखांत जात नाही. इचलकरंजी असो, सोलापूर असो, बेळगाव असो की इंदूर, तुमच्या व्यवसाय संघटनेनं, गणेश मंडळानं, माजी विद्यार्थ्यांच्या गटानं एक मैदान धरावं आणि दहा वर्षं सोडू नये. दहा वर्षं म्हणतोय, कारण हिशोब तेवढाच आहे. शिवाजी स्टेडियमपासून टोकियोपर्यंत तेवढाच वेळ लागला.

शेवटी एक सांगतो. मोबाइलवर झेलेझ्नी बघत शिकलेल्या पोराला २०२५ मध्ये झेलेझ्नी स्वतः प्रशिक्षक म्हणून लाभला. त्याच वर्षी मे महिन्यात दोह्याला नीरजनं ९०.२३ मीटर फेकून नव्वदी ओलांडली. गंमत बघा, तो दिवसही त्यानं जिंकला नाही. जर्मनीच्या युलियन वेबरनं ९१.०६ मीटर फेकली आणि नीरज दुसरा आला. आयुष्यातली सर्वांत लांब फेक आणि क्रमांक दुसरा. ज्या मैदानात असं होऊ शकतं, तिथे जाऊन खेळण्याची लायकी मिळवणं हेच खरं परदेशात जाणं. पुढचं तिकीट कुणीतरी काढून देतं. सुरुवातीची ती पंधरा-सोळा किलोमीटरं मात्र घरच्यांनाच सोबत चालावी लागतात.